पिवळा पडदा आणि निळं बाळ

घुबडीची नोकरी गेली. छे, तसलं काही झालंच नाही. ती अजून छापखान्यात खोक्यांचे रंग जुळवतेय, असं धरून चालू.

घुबडी हे नाव मालकांनी ठेवलेलं. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागायचा नाही, आणि दुपारी मात्र की-बोर्डवर गाल टेकून ती घोरायची. "आता एक डुलकी जरी दिसली, तर घरीच झोपायचं. कायमचं," मालकांनी बजावलं होतं.

हे घरी कळायला नको होतं, कारण घरी दीर होता. दिराला कामधंदा नव्हता, पण झोपेवरचे व्हिडिओ तो पहाटेपर्यंत बघायचा, त्यामुळे या विषयातला अधिकार मोठा. तिची रात्रीची जाग त्याच्या नजरेतून सुटणार कशी?

"वहिनी, लॅपटॉपचा निळा प्रकाश झोप उडवतो! सगळा घात तोच करतो!" असं म्हणत त्याने खारे शेंगदाणे खाल्लेली बोटं चाटली. मग त्याच ओल्या बोटांनी तिचा लॅपटॉप चिवडून, अंधार पडला की पडदा पिवळा होईल अशी सोय करून दिली. लाळेचा पट्टा पडद्यावरच वाळला.

आणि झोप? पिवळ्या उजेडातही ती टक्क जागीच. फरक एवढाच, की आता सगळ्या जगाला कावीळ झाली होती. शेजारच्या खोलीत व्हिडिओतला कुणी बाबा "शांत व्हा!" म्हणून ओरडायचा, आणि मध्येच दिराचा मेसेज टपकायचा: "वहिनी, झोपलात का?"

अशाच एका संध्याकाळी साबणाच्या खोक्याचं तातडीचं काम तिने घरी आणलं. खोक्यावरचं गुटगुटीत बाळ पिवळंधमक दिसत होतं. पडदाच पिवळा आहे हे तिच्या डोक्यातून साफ गेलं. ती बाळातला पिवळा काढत गेली, निळा ओतत गेली, आणि गाल गुलाबी दिसले तशी फाइल धाडून दिली. नमुना काढून बघायला फुरसत कुणाला होती?

सकाळी मालकांनी छापलेलं खोकं तिच्या नाकाशी धरलं.

"हे बाळ अंघोळ करतंय, की बुडालंय?"

"पडदा पिवळा होता, साहेब. झोपेसाठी."

"मग, लागली का?"

"नाही."

"आता लागेल. जा घरी."

घरी दिराने खोकं उलटसुलट करून पाहिलं. "बघा! निळाच! मी सांगत नव्हतो?" बोलताना त्याच्या तोंडातलं शेंगदाण्याचं साल उडून बाळाच्या कपाळावर चिकटलं.

लॅपटॉप उघडून तिने लॅपटॉपच्याच कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिलं:

"महोदय, आपल्या पिवळ्या पडद्याने झोप आली नाही, नोकरी गेली. तरी पडदा आहे तसाच ठेवून, अंधार पडताच अर्जदाराचा दीर आपोआप बंद होईल, निदान त्याचा आवाज तरी, अशी व्यवस्था विनाविलंब करण्यात यावी, ही नम्र विनंती."