संकष्टीची ओहोटी

पहाटे शिडाला घाम येतो. हात लावून बघा.

साबुदाण्याची खिचडी चौघांची. माणसं तीन.

चर्चचा क्रूस काळ्या खडकाच्या खाचेत बसला की नांगर सोड. आधी नको, मागाहून नको.

बोरीवलीच्या एका हॉलमध्ये, टीव्हीच्या वर, तांब्याचा वीतभर खिळा ठेवलाय. कशाचा, ते पाहुणे विचारत नाहीत. विचारलं की तासभर उठता येत नाही.

तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. त्यातून सहा तास काढा, ओहोटी.

दोन बाटल्या, रिकाम्या.

आता हे सगळं एका होडीत घाला आणि मार्वेच्या धक्क्यावरून सोडून द्या. फेब्रुवारीतला शनिवार, सकाळचे पावणेसात. होडी सुयोगची. वीस फुटी, एक डोलकाठी, दोन शिडं, आणि मागे दोरीला बांधलेली डिंगी, म्हणजे दोन वल्ह्यांची, दोन माणसांची चिमुकली नाव. सुयोग आठवडाभर ट्रॉम्बेला नोकरी करतो आणि शनिवारी त्याला कुणी जमिनीवर पाहिलेलं नाही. सुकाणूवर तो. पुढे जान्हवी, मांडीवर वही. मधल्या फळीवर जान्हवीचा बाप धोंडू, वय अठ्ठ्याहत्तर. लाइफ जॅकेट घालणार नाही म्हणून धक्क्यावर पाच मिनिटं भांडला आणि मग स्वतःच बंद लावून बसला.

ओहोटीचं पाणी खाडीतून समुद्राकडे पळत होतं. पाठीमागून मतलई वारा, जमिनीवरचा, थंड आणि सरळ. शीड भरलं तसा होडीने असा काही हिसका दिला की जान्हवीची पेन्सिल पाण्यात गेली. तिने कानामागची दुसरी काढली. मागे कांदिवली-बोरीवलीच्या टॉवरांच्या फटीतून सूर्य एकेक मजला चढत होता. मनोरीचे माड उजव्या हाताला राहायला हवे होते, ते डाव्या हाताला दिसायला लागले, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण होडीत उलटं तोंड करून बसलोय. ती खदखदून हसली. एक्केचाळीस वर्षांची बाई, विमा कंपनीत सीनियर असिस्टंट, आणि शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी पाय हलवत बसली.

काय पणाला लागलं होतं, ते आधीच सांगून टाकतो. जान्हवी एक पुस्तिका करत होती. मार्वेपासून मढपर्यंतच्या बारा जागा, जिथे शिडाची होडी नांगरावी आणि डिंगीने किनाऱ्याला उतरावं. अकरा लिहून झाल्या होत्या. सोमवारी वही छापखान्यात द्यायची होती. बारावी जागा धोंडूची, आणि ती फक्त धोंडूच्या तोंडात होती.

धोंडू सतराव्या वर्षी मालवणहून कौलांनी भरलेल्या गलबतावर खलाशी होऊन मुंबईला आला. एरंगळच्या अलीकडे वारा पडला. पिंपातलं पाणी नासलं. तांडेलाने, म्हणजे गलबताच्या म्होरक्याने, त्याला मडकं देऊन किनाऱ्यावर पिटाळलं, आणि पार ओहोटीला, समुद्राच्या ओल्या वाळूत, त्याला गोडं पाणी वर येताना दिसलं. पुढे तो गिरणीत लागला, गिरणी बंद पडली, चार नोकऱ्या झाल्या, पोरगी शिकली, बोरीवलीत घर झालं. तो खिळा त्याच गलबताचा. पण समुद्रातल्या गोड्या पाण्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. गिरणीत त्याला ‘गोडंपाणी’ म्हणूनच हाक मारायचे. त्याची बायको प्रेमा, तिनेही कधी मारली असेल.

जे पाणी माझ्या जिभेला लागलं नाही ते मी छापणार नाही, असं जान्हवीने त्याला स्पष्ट सांगितलं होतं. त्यावर तो ‘मगे चल’ एवढंच म्हणाला.

*

जागा सातवी. आक्सा ओलांडल्यावर खडकांचा कोपरा. तळ वाळूचा, नांगर लगेच धरतो. किनाऱ्यावर केवड्याचं बन. डिंगी उत्तरेकडून न्या, दक्षिणेकडे बुडालेल्या खडकांचे दात आहेत. इथे सकाळी घाई करणाऱ्याने येऊ नये.

*

तर तिथे ते थांबले. घाई नव्हतीच. आज संकष्टी. चतुर्थी म्हणजे चार, चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनला पूर्ण भरती, म्हणजे सकाळी नऊला पाणी तळाशी. घड्याळात साडेसात. सुयोगने फोनवर एकदा बघून घेऊ या का म्हणून विचारलं, तर बापलेक दोघंही त्याच्या अंगावर आले. पुस्तिकेतली सगळी वेळापत्रकं तिथीवर बेतलेली होती, तोच तर तिचा हट्ट होता, आणि फोन तिघांचेही पाणी न शिरणाऱ्या पिशवीत कोंबून ठेवले होते. मग थर्मासमधली कॉफी निघाली. खिचडी निघाली. प्रेमाने उपासाचं म्हणून दाण्याचं कूट सढळ घातलं होतं. सुयोगचा उपास नव्हता, त्याने सगळ्यात जास्त खाल्ली. डोलकाठीच्या टोकावर एक कुरव येऊन बसला, आणि धोंडूने त्याच्याशी मालवणीत काहीतरी बोलून घेतलं.

सव्वाआठला नांगर उचलला. शीड पुन्हा भरलं. एरंगळच्या चर्चचा पांढरा माथा दिसू लागला, मग त्यावरचा क्रूस. अलीकडे एक काळा खडक, वर खाच पडलेला. धोंडू उभाच राहिला. सुयोग बसायला सांगत होता, पण ते ऐकायला धोंडू तिथे नव्हता. क्रूस सरकत सरकत खडकाकडे येत होता, आणि जान्हवीने श्वास रोखून धरला, कारण ही खाच, हा क्रूस तिने लहानपणापासून ऐकला होता आणि तो खरा असेल असं तिला एकदाही वाटलं नव्हतं.

क्रूस खाचेत बसला.

“सोड,” धोंडू म्हणाला.

नांगर गेला, दोरी ताणली, होडीने तोंड फिरवलं. नऊला दहा मिनिटं कमी होती. समोर अर्धचंद्रासारखी वाळू, मागे ताडांची रांग, माणूस नाही. जान्हवीने खडकांकडे पाहिलं. खडकांवर खूप खालपर्यंत ओलं होतं, पण त्या ओल्या पट्ट्यावर पाणी पुन्हा चढत होतं. उतरत नव्हतं.

तिने पिशवी दातांनी उघडली आणि आईला फोन लावला. कॅलेंडर बघ, चतुर्थी कधी लागते, विचारलं.

“दुपारी लागते. का गं?”

“आज संकष्टी आहे ना?”

“अगं, उपास चंद्र बघून सोडायचा, तर तिथी चंद्राच्या वेळेची धरणार की नाही? सकाळी तृतीयाच असते बहुतेकदा. एवढी शिकलीस.”

तृतीया म्हणजे तीन. तिनाची पाऊणपट सव्वादोन. पाणी सव्वाआठलाच तळाला लागलं होतं. ते खिचडीचं भांडं खरवडून केवड्याच्या बनापाशी नांगर उचलत होते, तेव्हा.

सुयोग म्हणाला, “वाट लागली काका. पुढच्या महिन्यात येऊ.” तो होडी सोडू शकत नव्हता, खडकाळ तळावर नांगर कधीही सुटला असता.

 धोंडूने डिंगीची दोरी ओढून घेतली, एक पाय टाकला, दुसरा टाकला, आणि लेकीकडे बघितलं. जान्हवी दोन रिकाम्या बाटल्यांतली एक उचलून उडी मारूनच बसली. नाव अशी डुलली की दोघंही भिजले. तिने वल्ही मारायला घेतली. पुस्तिकेत तिने लिहिलं होतं की डिंगीत सावकाश, लांब हात मारावा. तिने पुस्तिका टांगली खुंटीला. दात-ओठ खाऊन, खांदे उखडतील असं, ती मारत सुटली, आणि धोंडू पुढे ओणवा होऊन नुसतं “डाव्यान… डाव्यान… आता सरळ,” करत होता.

वाळूवर डिंगी घासली तेव्हा त्या जागी गुडघाभर पाणी आलं होतं. सगळं सारखं, हिरवं, हलतं. कुठे म्हणून बघायचं?

धोंडूने बघितलंच नाही. तो पाण्यात उतरला, जान्हवीच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. पायाने चाचपत निघाला. अंधारात चपला शोधाव्यात तसा. एक पाऊल, थांब. एक पाऊल, थांब. लाट गुडघ्याच्या वर गेली.

“आबा, पुरे आता.”

“गप गो, चेडवा. पायाक आठवताहा.”

अजून तीन पावलं. मग त्याची बोटं तिच्या खांद्यात रुतली.

“थंड,” तो म्हणाला.

तिने आपला पाय त्याच्या पायाशेजारी रोवला. वर कोमट समुद्र, आणि तळव्याखाली फ्रीज उघडल्यासारखं. वाळू गुदगुल्या करत होती, खालून कुणी फुंकर घालतंय अशी. आणि पाण्यात, नीट बघितलं तर, सरबतात साखर विरघळताना दिसतात तशा रेषा वर येत होत्या.

पण चव? गुडघाभर खारं पाणी मध्ये होतं. धोंडूने तिच्या हातातली बाटली घेतली, तोंडावर अंगठा घट्ट दाबला, आणि बाटली तशीच खाली वाळूपर्यंत नेली. हनुवटी पाण्याला टेकली. तिथे अंगठा काढला. बुडबुडे आले. अंगठा पुन्हा लावून त्याने बाटली वर काढली आणि तिच्यापुढे धरली. स्वतः प्यायला नाही.

जान्हवीने घोट घेतला. आधी कडेचं मीठ ओठाला लागलं. मग थंडगार, किंचित लोखंडी, विहिरीचं पाणी.

ती पुन्हा प्यायली, मग तिसऱ्यांदा. चौथ्यांदा प्यायल्यावर तिने होडीकडे वळून हात हलवले आणि सुयोगला ऐकू जाईल अशा आवाजात पाण्याची बातमी दिली, आणि तिकडून सुयोगने, दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून, खिचडीचं भांडं चमच्याने बडवलं.

“आई विचारेल तर काय सांगू?” तिने विचारलं.

“काय सांगू नको. भरून ने.”

*

जागा बारावी. एरंगळच्या अलीकडे. क्रूस खाचेत बसला की नांगर. तळ खडकाळ, एकाने होडीत राहावं. डिंगीने डावीकडून. पार ओहोटीला वाळूत गोडं पाणी. उशीर झाला असेल तर डोळे मिटून पायाने शोधावं. वेळ पाऊणपटीने काढावी, मात्र संकष्टीच्या दिवशी कॅलेंडर नीट वाचावं. पाणी मी स्वतः प्यायले आहे.

*

सकाळी निघताना, मार्वेच्या धक्क्यावर, बाकीचे दोघं शिडं चढवत असताना, धोंडूने घरून आणलेल्या दोन्ही बाटल्यांतलं पाणी ओतून टाकलं होतं.