राखीताईच्या हेल्मेटची तार

मित्रांनो, मी एक जुना, हाताने बनवलेला अ‍ॅडॉप्टर आहे. बाजारात माझा जोडीदार सापडायचा नाही. मला कारखान्याने घडवले नाही. दिग्रसच्या अय्यूबचाचांनी घडवले. बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचे रेडिओ दुरुस्तीचे छोटे दुकान आहे.

राखीताई तिथे आली ती हेल्मेट काखेत मारूनच. दिग्रसजवळच्या तांड्यावरची ही मुलगी झरी जामणीच्या जंगलात वनरक्षक आहे.

"चाचा, दोनी हात हँडलले रायतात," ती म्हणाली. "वॉकीटॉकी वाजली का गाडी थांबवा लागते, फोन वाजला का हेल्मेट काढा लागते. दोनी आवाज हेल्मेटातच आले पायजे."

"सोपं नाही बेटी," चाचा म्हणाले आणि त्याच दुपारी कामाला बसले.

साबणाची डबी हे माझे अंग. पोटात एका मोडक्या टेपरेकॉर्डरचे भाग. एका भोकातून निघालेल्या तारेची पिन वॉकीटॉकीत बसते, दुसऱ्या तारेची फोनमध्ये, आणि तिसऱ्यातून निघालेली तार हेल्मेटमधल्या स्पीकरला आणि माइकला जाते. बोलायचे असेल तेव्हा दाबायला हँडलवर हॉर्नचे जुने बटण आहे. आधी माझ्यातून नुसती इंजिनची घरघरच यायची. चाचांनी मला तीनदा उकलले, तीनदा शिवले. चौथ्या वेळी राखीताईने गाडी चालवता चालवता आईला फोन लावला. "याडी, आयकू येते का?"

"येते ना! तू समोर पाह्य आधी," तांड्यावरून रुपीबाई ओरडल्या. चाचा दुकानाच्या पायरीवर बसून लहान मुलासारखे हसले.

तीन वर्षे मी इमानाने राबलो. सगळ्यांत जास्त आवाज ऐकला तो नानाजींचा. ते रोजंदारीवरचे वनमजूर होते, जंगलातल्याच गावचे. कुठे सागवान तुटला, कुठे अस्वल दिसले, सगळे तेच कळवायचे. काही घडले नाही तरी दुपारी विचारायचे, "मॅडम, जेवल्या का?"

पुढे सारखी वाकून वाकून वॉकीटॉकीच्या पिनेजवळची माझी तार आतून तुटायला लागली. आवाज खरखरू लागला. राखीताईने चिकटपट्टी गुंडाळली. दोन दिवसांनी आणखी एक. होळीला ती घरी गेली, चाचांच्या गल्लीवरूनही गेली. पण घाई होती. "पुढच्या येळी," ती स्वतःशीच म्हणाली.

होळीनंतर चौथ्या दिवशी जंगलाला आग लागली. नानाजी नाल्यापलीकडे हिरव्या फांद्यांनी जाळ झोडपत होते. राखीताई अलीकडच्या वाटेने निघाली होती. तेवढ्यात वॉकीटॉकीतून त्यांचा आवाज माझ्यात आला. "मॅडम, वारा फिरला. मी अडकून राह्यलो. नाल्यानं नका येऊ, टेकडीच्या मांगून या."

एकेक शब्द मी पुढे ढकलला. तुटक्या तारेपाशी सगळे अडकले. तिच्या कानात फक्त खरखर गेली. आणि माझी पिन खोचलेली असली, की वॉकीटॉकीचा स्वतःचा भोंगाही मुका होतो. ते पुन्हा बोलले. पुन्हा तेच झाले. ती दुसऱ्याच बाजूच्या आगीकडे वळली. पाऊण तासाने वैतागून तिने मला उपटले, तेव्हा वॉकीटॉकी मोकळी झाली. त्यातून नुसता खोकला ऐकू आला.

शोधत शोधत माणसे टेकडीमागून पोचली, तेव्हा धुराने नानाजी निपचित पडले होते. यवतमाळच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ते गेले. जाण्याआधी आपण काय काय सांगितले होते, ते त्यांनी राखीताईला तुटक तुटक सांगितले. त्यात रागाचा एक शब्द नव्हता.

तिने मला चाचांच्या टेबलावर ठेवले. "चाचा, यानं धोका देला."

चाचांनी चिकटपट्टीचे थर एकेक करून सोडवले. मग हळूच म्हणाले, "किती दिवसापासून खरखरत होता, बेटी?"

"पंधरा." आणि ती तिथेच तोंड झाकून रडली.

चाचांनी नवी तार घातली. राखीताई तशीच मला खिशात घेऊन नानाजींच्या घरी गेली. अंगणात त्यांची बायको रुक्माबाई बसली होती. राखीताईने काही लपवले नाही. तार तुटत होती, आपल्याला माहीत होते, आपण ती नीट करून घेतली नाही, असे सगळे सांगितले.

रुक्माबाईने जमिनीकडे पाहतच विचारले, "त्यायनं दोनदा आवाज देला?"

"दोनदा."

"आता नीट झाली का थे तार?"

"हो, मावशी."

"मंग वापर. दुसऱ्याचा तरी आयकू येईल." एवढे बोलून ती घरात गेली. पुन्हा बाहेर आली नाही.

मित्रांनो, राखीताई आता रोज निघण्याआधी बटण दाबून विचारते, "येते का आवाज?" उत्तर आल्याशिवाय गाडी सुरू करत नाही. दुपारी मात्र माझ्यातून तिला कोणी जेवणाचे विचारत नाही. वस्तू बिघडण्याआधी कुरकुरते, मित्रांनो. तुमच्या घरात एखादी कुरकुरत असेल, तर तिच्यावर पट्टी गुंडाळू नका. आजच तिला कोणा जाणत्या हाताकडे न्या. तिच्या पलीकडून कोण हाक मारत असेल, ते तुम्हाला ठाऊक नसते.