ओला चेहरा

"दोन," नाना म्हणाले आणि खिडकीतून नोट आत सरकवली.

तिकीटवाल्यानं दोन तिकिटं फाडली, बाहेर वाकून त्यांच्या मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं. तेव्हा कुठे नानांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. लग्नानंतर त्यांनी एक तिकीट कधी मागितलंच नव्हतं. जीभ आपली सवयीनं चालली.

"अहो, एकच..." असं ते म्हणणार, तेवढ्यात तिकीटवाला आत तोंड करून ओरडला, "झाली रे पाच! लाव मशीन!" मग नानांकडे वळून म्हणाला, "नशीब तुमचं. पाच तिकिटं खपल्याशिवाय आम्ही खेळ लावत नाही. तिघंच होते, त्यांना परतच पाठवत होतो. मंडळी मागून येतायत का?"

खोटं बोलायला नाना घरातून निघालेले नव्हते. उलट एक खोटं बोलायला लागू नये म्हणून तर बस बदलत गावाच्या दुसऱ्या टोकाला, या पडक्या थिएटरपर्यंत आले होते.

"नाही येणार," ते म्हणाले. "पण तिकीट राहू द्या."

तिकीटवाल्यानं खांदे उडवले. त्याला पाचाशी मतलब.

नाना पाणीपुरवठा खात्यात कारकून म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीत असल्यापासून ते एका साप्ताहिकात सिनेमावर लिहीत. लिहिणं साधं, कधी कुणाला चावा नाही, पण सिनेमा न बघता एक ओळ लिहिली नाही. त्यामुळे समीक्षकांच्या मंडळात त्यांना मान होता. दर वर्षी मंडळ पुरस्कार द्यायचं आणि त्यातला दिग्दर्शनाचा सगळ्यात मोठा मानला जायचा. आज दुपारी त्याचंच मतदान होतं.

मंडळाची एक रीत होती. मत देण्याआधी प्रत्येकानं टेबलावर हात ठेवून म्हणायचं, "पाहिला, शेवटपर्यंत." ही रीत पडली त्याला कारण झालं होतं. फार पूर्वी एका सभासदानं सिनेमातल्या एका प्रसंगाची तोंड भरून स्तुती केली. तो प्रसंग प्रदर्शनाआधीच कापून टाकलेला निघाला. स्वारीनं नुसती माहितीपत्रिका वाचली होती. तेव्हापासून हात टेबलावर.

आणि नानांना ज्या सिनेमाला मत द्यायचं होतं, त्याचा शेवट त्यांनी पाहिलेला नव्हता.

सकाळी छत्रीचा फोन आला होता. छत्री म्हणजे त्यांचा मंडळातला मित्र. बारा महिने काखेत छत्री, म्हणून ते नाव.

"अहो नाना, शेवटची दहा-पंधरा मिनिटं तर राहिली तुमची. कोण विचारतंय? मी सांगतो ना शेवट. ती बाई..."

"सांगू नकोस!" नाना जोरात ओरडले.

"बरं बाबा. पण एक मत कमी पडलं तर अध्यक्षांच्या आवडीचा तो लढाईपट बाजी मारणार, सांगून ठेवतो. वेळेवर या. दारं एकदा लावली की लावली."

शेवट राहिला त्यालाही कारण होतं. सिनेमा एका बाईचा होता. तिचा बाप वारतो आणि ती त्याचं घर आवरायला येते. एवढीच गोष्ट. पण बाप गेल्याची बातमी आल्यापासून कॅमेरा तिच्या पाठीमागेच. ती कपाटं उघडते, भांडी बांधते, गादी गुंडाळते. आपल्याला दिसते ती पाठ, मान, हात. नानांच्या बायकोनं अंधारात कोपर मारलं होतं.

"अहो, बघताय ना? तोंड दाखवतच नाहीये."

"दाखवेल शेवटी. रडताना दाखवेल. लोक पैसे मोजून येतात, त्यांना रडू बघायचं असतं."

"रडताना नाही दाखवणार. या दिग्दर्शक बाईला अक्कल आहे. लावा पैज."

"कशाची?"

"सकाळच्या चहाची. मी हरले तर मी करतेच आहे. तुम्ही हरलात तर उद्यापासून तुम्ही. जन्मभर."

पुढच्या रांगेतल्या माणसानं वळून "श्श" केलं. दोघं हसू दाबत बसली. मग थोड्या वेळानं ती म्हणाली, "मला जरा कसंतरी होतंय. बाहेर बसते. तुम्ही बघा."

नाना अर्थातच तिच्याबरोबर उठले. तिथून दवाखाना. तिथेही पलंगावरून तिनं विचारलं होतं, "काय झालं हो शेवटी?"

"कुणाला ठाऊक. बरी झालीस की जाऊ दोघं."

"बघा हं. मागाहून पैज मोडायची नाही."

ती घरी आली नाही.

नंतर सिनेमा सगळीकडून उतरला. उरलं होतं हे एक थिएटर, आणि इथेही आज शेवटचा दिवस.

आत एक नवरा-बायको कोपऱ्यात बसले होते. एक फिरता विक्रेता पिशवी उशाला घेऊन आधीच आडवा झाला होता. नाना मधल्या रांगेत बसले. शेजारची खुर्ची त्यांनी हातानं पाडून ठेवली, पण ती पुन्हा मिटायला लागली. तेव्हा तिच्यावर आपली पिशवी ठेवली.

त्यांनी सिनेमा पहिल्यापासून पाहिला. शेवटपर्यंत म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत, असंच ते समजत. बायको जिथे उठली होती ती जागा आली तेव्हा त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. उठायचं नाही, त्यांनी स्वतःला बजावलं.

घर रिकामं झालं. बाई दाराला कुलूप लावायला निघाली, आणि मध्येच मोरीवर गेली. नळ सोडला. ओंजळीनं तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, आणि मान वर केली.

चेहरा दिसला. ओलाचिंब. पाणी कपाळावरून, गालांवरून, हनुवटीवरून ठिबकत होतं. ती नुसती समोर बघत होती. मग तिनं बाहीनं तोंड पुसलं, नळ बंद केला आणि सिनेमा संपला.

"अगं, रडतेय की नाही ही?" नाना मोठ्यानं म्हणाले.

विक्रेता जागा झाला. "काय झालं?"

"काही नाही. झोपा तुम्ही."

दिवे लागले तरी नाना बसूनच होते. पैज कोण जिंकलं? ते म्हणाले असते, रडतेय, डोळे बघ तिचे. ती म्हणाली असती, पाणी आहे ते, तुमचा चष्मा बदला. महिनाभर पुरलं असतं भांडण. मग त्यांनी पिशवी उचलली आणि बसकडे जवळजवळ पळत निघाले.

सभागृहाचं दार छत्रीनं पाय घालून अडवून धरलं होतं. "या, या! आणखी उशीर झाला असता तर पायाचा चेंदा झाला असता माझ्या."

अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं. "नाना, तुमचंच मत राहिलंय. पाहिला?"

नानांनी टेबलावर हात ठेवला. "पाहिला, शेवटपर्यंत."

"बोला."

"ती शेवटी तोंड धुते," नाना म्हणाले.

कुणीतरी हसलं. अध्यक्ष म्हणाले, "नाना, इकडे आमच्या माणसानं हजार लोकांची लढाई उभी केली. आणि तुम्ही नळावर तोंड धुण्याला दिग्दर्शन म्हणता?"

"लढाई चांगलीच आहे. मी दोनदा पाहिली. पण ही बाई रडतेय की तोंडावर पाणी आहे, मला अजून कळलेलं नाही. आणि कळू नये म्हणून त्या दिग्दर्शिकेनं अख्खा सिनेमा धीर धरलाय. कुणाचं माणूस गेलं की असंच असतं. बघणाऱ्याला कळत नाही. माझं मत तिला."

नानांच्या घरची गोष्ट सगळ्यांना माहीत होती.

मतं समसमान झाली. अशा वेळी अध्यक्षांनी आणखी एक निर्णायक मत द्यायचं, असा नियम होता. अध्यक्षांनी ते मतही लढाईलाच दिलं. नानांना त्यांचा राग आला नाही. अध्यक्षांना लढाई खरंच आवडली होती, त्यांनी तसं सांगितलं.

बाहेर आल्यावर छत्री चिडचिड करत होता. "एवढा आटापिटा करून काय पदरात पडलं?"

"मत दिलं की."

"हरली ना पण तुमची बाई!"

"हरू दे. मत तर खरं पडलं."

सकाळी दार वाजलं. समोरची शेजारीण वर्तमानपत्र घेऊन उभी होती. बायको गेल्यापासून नाना सकाळचा चहा कोपऱ्यावरच्या टपरीवर घेत, आणि जाता जाता तिच्याकडून पेपर नेत. आज ते आलेच नव्हते.

"नाना, छापून आलंय बघा तुमच्या मंडळाच्या बक्षिसाचं. अगंबाई!" ती दारातच थबकली. "काय झालं हो? बरं आहे ना?"

नानांचा चेहरा ओला होता. कपाळ, गाल, हनुवटी, सगळीकडून पाणी ठिबकत होतं.

"काही नाही. तोंड धुत होतो."

त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं, मागे जाऊन नळ बंद केला आणि फळीवरचं पातेलं खाली काढलं.

"बसा," ते आतून म्हणाले. "चहा टाकतोय. साखर कुठल्या डब्यात असते, तेवढं फक्त सांगा."