चौथं भोक

या घरातली मुलं अक्षरं गिरवण्याआधी तोंड बंद ठेवायला शिकत. आजोबांनी कुलपाचं पेटंट घेतलं, वडिलांनी त्याच्या किल्लीचं, आणि आता थोरल्या मुलीने आजोबांचंच कुलूप सुधारून तिसऱ्या पेटंटचा अर्ज केला होता. तीन पिढ्या लोकांच्या दारांना कुलपं पुरवली, पण स्वतः बिनघोर कुणी झोपलं नाही.

त्यांची एक घरगुती युक्ती होती. कुलपाच्या मागच्या पत्र्याला तीन स्क्रूंची तीन भोकं पुरत, हे लोक नकाशात चौथंही काढत. त्यात काहीच बसत नसे. नकाशा चोरणारा तेही भोक इमानेइतबारे उतरवणार आणि रंगेहाथ सापडणार! आजोबांच्या पहिल्या पेटंटपासून हे चालत आलं होतं.

अर्ज जाहीर झाला आणि आठवड्यात पुलापलीकडच्या कारखान्याने हरकत घेतली. हा नकाशा म्हणे आमच्याकडे आधीपासून आहे. आधीपासून! म्हणजे अर्ज बाहेर येण्याआधीच कुणीतरी नकाशा पोचवला होता. थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. नकाशा पाहिलेली माणसं तीन : ती, वडील आणि धाकटा भाऊ. स्वतःवर संशय घ्यायची या घरात रीत नव्हती. वडील गुडघ्यांपायी वर्षभर जिना उतरले नव्हते. उरला धाकटा, आणि तो तर त्या कारखान्यातल्या एका फिटरबरोबर रोज चहा प्यायचा.

तिने नकाशांच्या खणाचं कुलूप बदललं. धाकट्याकडून घराखालच्या वर्कशॉपची किल्ली काढून घेतली. संध्याकाळी तो आपल्या बिऱ्हाडी जायला निघाला की दारात त्याची बॅग तपासायची.

"ताई, आत डबा आहे आणि छत्री आहे," पहिल्या दिवशी तो हसत म्हणाला. "छत्रीचं पेटंट कुणीतरी आधीच घेतलंय गं."

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी तोही हसला नाही. मग तो न सांगताच बॅग टेबलावर उघडून ठेवू लागला आणि भिंतीकडे बघत उभा राहू लागला.

पंधरा दिवसांनी अर्जाचं काम बघणाऱ्या वकीलबाईंनी तिला बोलावलं. कारखान्याने पाठवलेला नकाशा टेबलावर पसरला होता. थोरलीने आधी मागचा पत्रा शोधला. एक, दोन, तीन, चार.

"सापडला चोर!" ती जवळजवळ ओरडलीच. "हे चौथं भोक आमचं आहे. आमच्या घराबाहेर कुणाला माहीत नाही."

वकीलबाईंनी चष्मा पुसला. "कागदाची तारीख बघा."

तारीख आजोबांच्या पेटंटच्या दोन वर्षं आधीची होती. आजोबा तेव्हा त्याच कारखान्यात नोकरीला होते. मालक आपली कल्पना ढापणार म्हणून नोकरी सोडली, असं ते सांगत. नकाशावर सही मालकाची होती, आणि चौथ्या भोकाशेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'चुकून काढले. पुढच्या नकाशात वगळावे.'

आजोबांनी चूकसुद्धा उतरवून घेतली होती.

ती घरी आली आणि चपला न काढताच वडिलांसमोर उभी राहिली. "बाबा, चौथ्या भोकाची युक्ती तुम्हाला कुणी सांगितली?"

"तुझ्या आजोबांनी. मी सात-आठ वर्षांचा असेन. त्यांच्या पेटंटचा कागद बघून विचारलं, हे भोक कशासाठी? आधी तो कागद माझ्या हातातून काढून घेतला. मग म्हणाले, चोर पकडायला." वडील कौतुकाने हसले. "काय डोकं होतं त्यांचं!"

 त्याच कुलपावर बेतलेलं तिसरं पेटंट गेलं, पहिल्याची अब्रूही गेली, पण त्या क्षणी तिला आठवत होती ती फक्त उघडी बॅग. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती तिने, तीही सख्ख्या भावाला. 

ती खाली वर्कशॉपमध्ये गेली. धाकटा निघायच्या तयारीत होता. तिने वर्कशॉपची किल्ली त्याच्यापुढे धरली.

"घे. चुकलं माझं. तू काही केलं नव्हतंस."

त्याने किल्लीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग बॅग टेबलावर ठेवून नेहमीसारखी उघडली, आणि किल्ली त्याने तिच्याच हातात राहू दिली.

"आधी तपासून घे, ताई," तो म्हणाला. "उद्या पुन्हा काही गेलं, तर?"