आत वळलेलं टोक

पंधरा वर्षं बनाबाईनं डोक्यावरून घमेली वाहिली. पाटणपासून कराडपर्यंत किती स्लॅबवर तिनं काँक्रीट टाकलं असेल, ते तिलाही सांगता आलं नसतं. मग एका उन्हाळ्यात मान धरली ती सुटेचना. डॉक्टरांनी फोटो उजेडाकडं धरून सांगितलं, की आता डोक्यावर कळशीसुद्धा घ्यायची नाही. नवरा मानसिंग कारखान्याच्या उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. तो म्हणाला, बस की आता घरी. पण अडतिसाव्या वर्षी रिकामं बसायचं कसं, ते तिला जमेना. बचत गटातल्या एकीकडून कळलं, की कराडच्या बाहेर एका केंद्रात बांधकामाची कामं शिकवतात आणि दोन महिन्यांत फिटरचा दाखला मिळतो. फिटर म्हणजे सळया कापून, वाकवून, तारेनं बांधून कॉलमचा सांगाडा उभा करणारा. असे सांगाडे बनाबाईनं रोज पाहिले होते, पण घमेलं रिकामं करता करता, वरवर. तिनं नाव घातलं.

बॅचमध्ये बावीस जण होते. तीन बायका, बाकी विशीतली पोरं. शिकवायला तात्या होते. साठी ओलांडलेली, अंगानं काटक, उजव्या हाताची करंगळी अर्धीच. ते फार बोलायचे नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी आठ एमएमची सळई घेतली, खिळे मारलेल्या फळीवर ठेवली, सळया वाकवायच्या लोखंडी चावीनं चार बाजूंना वाकवली आणि चौकोनी रिंग करून दाखवली. कॉलमच्या उभ्या सळयांना ही रिंग चारी बाजूंनी धरून ठेवते, एवढंच सांगितलं आणि सगळ्यांना कामाला लावलं.

बनाबाई डावखुरी. फळी उजव्या हाताच्या माणसासाठी केलेली, त्यामुळं तिची प्रत्येक रिंग वाकडी यायला लागली. तात्यांनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी उलट्या खिळ्यांची वेगळी फळी करून आणली. त्यावर तिचा हात बसला. आठवडाभरात तिच्या रिंगा मापाला अचूक यायला लागल्या. तिला वाटलं, जमलं.

मग तात्यांनी सांगितलं, की आजवरच्या रिंगांची टोकं काटकोनात आहेत, सगळ्या साइटवर असतात तशी. आता इथून पुढं टोक काटकोनाच्याही पुढं वाकवायचं. रिंगेच्या पोटात, आत वळवायचं, आणि चांगलं चार बोटं आत ठेवायचं.

हे काम अवघड होतं. सळई शेवटच्या वळणाला माजल्यासारखी करायची. चावी निसटायची, मनगट भरून यायचं. कुंडलचा भाऊसो म्हणून एक पोरगा होता, त्यानं पुटपुटत का होईना विचारलं, की एवढ्याशा टोकानं काय फरक पडतोय. तात्या म्हणाले, महिनाभर थांब. बनाबाईलाही मनातून तेच वाटत होतं. पंधरा वर्षांत तिनं बघितलेल्या सगळ्या रिंगा काटकोनीच होत्या, आणि त्या इमारती उभ्या होत्या.

त्याच आठवड्यात तात्यांनी दोन ठेंगणे कॉलम ओतून घेतले, कमरेएवढ्या उंचीचे. एकात पहिल्या आठवड्याच्या काटकोनी रिंगा, दुसऱ्यात आत वळलेल्या. बाकी सगळं सारखं. सळया त्याच, सिमेंट त्याच पोत्यांतलं, खडी-वाळू एकाच ढिगातली, ओतण्याचा दिवसही एकच. वर गोणपाट गुंडाळलं. पाणी मारायचं काम बनाबाईनं आपणहून घेतलं. अठ्ठावीस दिवस ती सकाळी सगळ्यांच्या आधी यायची आणि दोघांना भिजवायची. वरून पाहिलं तर कुठला कुठला, ते ओळखू यायचं नाही. तात्यांनी खडूनं एक आणि दोन लिहून ठेवलं होतं.

एकोणतिसाव्या दिवशी कॉलम टेम्पोत घालून सगळे कराडमधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेले. तिथं छताला टेकेल असं दाब देणारं मशीन होतं. ते चालवणाऱ्या ऋचा मॅडम तात्यांना चांगल्या ओळखत होत्या. त्यांनी सगळ्यांना जाळीच्या मागं उभं केलं. साखळीच्या कप्पीनं पहिला कॉलम मशीनमध्ये बसवला. बटण दाबलं, तसं पडद्यावर आकडे चढायला लागले.

बराच वेळ काही झालं नाही. मशीन नुसतं घुमत होतं. मग कॉलमच्या कोपऱ्यावर केसाएवढी चीर दिसली. ती लांबली. एक कपची सुटून खाली पडली आणि पुढच्याच क्षणी मोठा आवाज होऊन कॉलम मधोमध फुटला. पुढं उभी असलेली पोरं दोन पावलं मागं सरकली. धूळ बसल्यावर पाहिलं, तर उभ्या सळया चारी बाजूंना फाकल्या होत्या आणि रिंगांची टोकं दार उघडावं तशी उघडी पडली होती.

दुसरा कॉलम चढला.

आकडे पुन्हा चढले. पहिला जिथं फुटला होता तो आकडा जवळ आला, तशी या कॉलमचीही साल सुटायला लागली. ढपले पडले. महिनाभर रोज सकाळी पाणी पाजलं होतं बनाबाईनं. तिला वाटलं, गेला हाही. पण तो आकडा मागं पडला आणि कॉलम उभाच. सगळी साल गळून गेली, आतल्या रिंगा उघड्या दिसायला लागल्या, आणि त्या रिंगांच्या आतलं काँक्रीट जागच्या जागी होतं. मशीन दाबत होतं. कॉलम बोटभर आखूडला, पोटात थोडा फुगला. रिंगा ताणल्या गेल्या. एकीचंही टोक सुटलं नाही. ती टोकं आतल्या काँक्रीटमध्येच रुतून बसली होती. ते फुटल्याशिवाय टोक सुटणार नव्हतं, आणि टोक सुटल्याशिवाय ते फुटणार नव्हतं.

"अजून घेतोय," ऋचा मॅडम म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांनीच मशीन थांबवलं.

जाळी उघडल्यावर बनाबाई सगळ्यांच्या आधी आत गेली. आधी ती फुटलेल्या कॉलमपाशी वाकली. बाकीच्यांच्या रिंगा उजव्या हाताच्या होत्या, पण मधल्या तीन रिंगांचं वळण उलट्या बाजूला होतं. त्या तिच्या होत्या. तिन्ही उघडल्या होत्या. मग ती दुसऱ्या कॉलमकडं गेली. तिथंही उलट्या वळणाच्या रिंगा होत्या, घट्ट मिटलेल्या. दोन्ही तिच्याच हातच्या. तीच सळई, तोच हात, मध्ये आठ दिवसांचं अंतर आणि चार बोटांचं एक टोक. तिला घाम फुटला. भीती होती का आनंद, तिचं तिला कळेना. एवढी मोठी गोष्ट आपल्या मनगटातून निघाली आणि निघताना आपल्याला समजलीही नाही, याचंच तिला नवल वाटत राहिलं.

तात्या बाजूला उभे होते, टोपी हातात घेऊन. पोरं बाहेर गेली तरी त्यांची नजर कॉलमवरून हलली नव्हती. तिनं विचारलं, "आवं तात्या, तुमी तर दर बॅचला बघताय ह्ये."

"बघतोय की." ते म्हणाले. "तीस वर्सं मी टोक आत वळवलं, बाई. उस्ताद म्हणला, म्हणून. पुलांना वळवलं, टाक्यांना वळवलं. कशासाठी वळवतोय, ते मला अठ्ठावन्नाव्या वर्षी हितं कळलं, ह्याच मशीनपुढं. अजून खरं वाटत न्हाई."

त्या संध्याकाळी घरी जाताना ती एसटीच्या खिडकीशी बसली. रस्त्याकडेच्या दुकानांचे, शाळांचे, बंगल्यांचे कॉलम तिच्या डोळ्यांपुढून जात होते. प्रत्येकाच्या आत कुणाचं तरी मनगट होतं.

दाखला मिळाल्यावर दिवाळीनंतर तिला पाटणजवळच्या एका गावात काम लागलं. ग्रामपंचायतीची दुमजली इमारत होती. विश्वजीत नावाचा फिटर टोळीचा म्होरक्या. त्यानं पहिले दोन दिवस तिचं काम बारकाईनं पाहिलं आणि मग सगळ्या रिंगा तिच्याकडंच सोपवल्या. प्रत्येकीचं टोक तिनं आत वळवलं. पंधरा दिवसांत पायाच्या वर नऊ सांगाडे उभे राहिले, दोन पुरुष उंच, नुसत्या लोखंडाचे. काँक्रीट दुसऱ्या दिवशी यायचं होतं.

सकाळी अकराचा सुमार असेल. ती शेवटच्या कॉलमला तार आवळत होती. शेजारच्या पिंपातलं पाणी थरथरलं. मग शेजारच्या घराचे पत्रे वाजले आणि पायाखालची जमीन हलली. कोयनेच्या त्या पट्ट्यात हे नवं नव्हतं. माणसं सवयीनं बाहेर आली, रस्त्यावर मोकळ्यात उभी राहिली. जन्मापासून बनाबाईही तशीच पळत आली होती. आजही ती पळाली, मोकळ्या जागेत पोचली आणि वळून पाहिलं.

नऊच्या नऊ सांगाडे थरथरत होते. त्यांतून एक बारीक आवाज निघत होता, सगळ्या रिंगांचा मिळून एकच. कोवळ्या उसाच्या फडातून वारं जावं तसे ते एकदा इकडं, एकदा तिकडं झाले. मग जमीन थांबली. ते आणखी क्षणभर हलत राहिले आणि एकेक करत सरळ उभे राहिले.

लोक आपापल्या कामाला परतले. विश्वजीत म्हणाला, धक्का बारका होता, चला आता. बनाबाई जागची हलली नाही. आवाज थांबला होता, तरी तिचा कान तिकडंच होता. तो जवळ आला आणि काय झालं म्हणून विचारलं.

"ऐकलंसा का?" ती म्हणाली.

त्यानं ऐकलं नव्हतं. तिनं त्याला कॉलमजवळ नेलं आणि एका रिंगेवर हाताची मूठ हलकेच आपटली. लोखंड वरपर्यंत गुणगुणलं. विश्वजीतनं मान वर करून पाहिलं. वीस वर्षं तो हे काम करत होता. मग त्यानंही मूठ आपटली, पुढच्या कॉलमला, त्याच्या पुढच्याला, आणि दोघं मिळून नवव्यापर्यंत तसेच ऐकत गेले.