चाळीस मिनिटांचं पाणी

मी एक जुनी टाकी आहे, मित्रांनो. प्लाझ्माची टाकी. नाव मोठं, पण पोलादी पिंप, पुढे काचेची खिडकी आणि आत सुयांसारख्या तारा, एवढाच माझा संसार. १९९३ साली वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात देवराम मिस्त्रींनी मला जोडलं. तारांमध्ये जोराची वीज सोडली की पाण्यात निळ्या ठिणग्या उडत आणि कारखान्याच्या सांडपाण्यातलं विष तुटत जाई. आधी रंग जातो, विष मागाहून. त्याला चाळीस मिनिटं लागतात.

डोंबिवलीजवळ खाडीकाठी रंगाचा एक कारखाना होता. तिथे मला बसवलं आणि देवरामांनाच माझ्यावर नेमलं. त्या कारखान्याच्या पाण्याने मासळी मेली होती. म्हणून जनाबाई कोळणीचा मुलगा धाकू जाळं सोडून ठाण्याला वॉचमन झाला होता. जनाबाईचा माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता.

"ठिनग्या त दिवालीला पन उरतान," ती म्हणाली. "कोलंबी जगली त मी मानीन."

मग ती लांबून आणलेली जिवंत कोळंबी टोपलीत घालून आमच्या नाल्याच्या तोंडाशी बुडवून ठेवू लागली. कोळंबी जगली! जनाबाईने माझ्या काचेला हळदकुंकू लावलं. मी किती फुशारले म्हणून सांगू! देवराम म्हणायचे, "कागद खोटं बोलेल, मावशीची टोपली नाही बोलणार." धाकू नोकरी सोडून आला आणि नवं जाळं विणायला बसला.

पुढच्या वर्षी आषाढ आला. नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी जाळं टाकत नाहीत. कोळंबीच नाही, तर टोपलीत काय घालणार? टोपली छपराला उलटी टांगलेली होती. नेमके त्याच दिवसांत कारखान्याचे साहेब येऊन म्हणाले, "दहा मिनिटांत पाणी स्वच्छ दिसतंय की! पुढे कशाला वीज जाळायची?" मग देवरामांनी माझा मिनिटांचा काटा चाळीसवरून दहावर आणला.

पौर्णिमेला जनाबाईने खाडीला नारळ सोडला. नाल्याचं पाणी नितळ होतं. तिने डोळ्यांनी पाहिलं आणि मान डोलावली. दुसऱ्या दिवशी धाकूने खाडीत लांबवर जाळं टाकलं. बाजारापर्यंत ताजी राहावी म्हणून सगळी कोळंबी त्यांनी टोपल्यांत घालून नाल्याच्या तोंडाशी, नेहमीच्या जागी बुडवली. बाजाराची वेळ झाली तेव्हा एकही हलत नव्हती.

जनाबाई टोपली घेऊन गेटवर आली. "देवराम, मशीन चालू व्हती ना रं?"

देवराम खाली बघत म्हणाले, "चालू होती, मावशी."

ते खोटं बोलले नव्हते, आणि तेच मला आजवर सलतं.

"मंग खारीला आमचा नारलच पोचला नाय," ती म्हणाली आणि परत गेली.

धाकूने जाळं गुंडाळून ठेवलं. पोटासाठी तो आमच्याच कारखान्यात लागला. पहिल्या दिवशी माझा काटा पाहून त्याने विचारलं, "दहाच?" देवरामांनी त्याला बटण दाखवलं. पुढे माझं बटण धाकूच दाबायचा. आता माझ्या तारा झिजल्यात आणि मी कारखान्यामागे गंजत पडले आहे.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणत नाही. पण नितळ पाणी दाखवून कुणी "मशीन चालू आहे" म्हणालं, तर एवढंच विचारा, किती मिनिटं?

धाकूने आईला अजून काही सांगितलेलं नाही. ती आता दर नारळी पौर्णिमेला दोन नारळ सोडते. एक खाडीचा आणि एक आपल्या चुकीचा.