तुसाखालची लाल गाडी

मित्रांनो, मी एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. पूर्वी लाल होते. आता माझा रंग पाहणाऱ्याच्या मतलबावर ठरतो. म्हणून कोणी आला की तो आधी कुठे पाहतो, ते मी पाहते.

माझा जन्म परदेशातला. गोंदियाच्या हिरालालशेठनी मला हौसेने राईस मिलवर आणले. नागऱ्याच्या जत्रेला निघालो की पोरे मागे धावत. "दोनच जन बसतेत? मंग गाडी कायची?" असे म्हातारे विचारत आणि बसायला तेच पुढे येत.

एका वळणावर मी धानाच्या ट्रॉलीवर आदळले. नाक चेपले, दार गेले. शेठ वाचले. त्यांनी मला मिलमागे ठेवून वर तूस ओतवले. तुसात बर्फाची लादी टिकते, मग गाडी का टिकणार नाही? मिलवाल्याचाच विचार हा. पावसाळ्यामागून पावसाळे गेले. तुसाने ओल धरली आणि माझा पत्रा खाल्ला.

शेठ गेल्यावर त्यांच्या पत्नी पुष्पाबाईंना मला पुन्हा रस्त्यावर पाहायचे होते. त्यांनी ते बोलून दाखवले आणि हितचिंतक जमू लागले.

पहिले आले गाड्यांचे शौकीन दुर्गाप्रसाद. चेपलेले नाक पाहिले नाही, इंजिन पाहिले नाही. रुमालाने सांगाड्यावरची, चेसिस नंबराची पट्टी तेवढी पुसली आणि फोटो काढला. "भाभीजी, हमको दे दो. एकदम नई करके रखेंगे." मी मनात म्हटले, ही पट्टी दुसऱ्या गाडीवर बसली की कागदोपत्री ती मी होणार आणि मी भंगार.

पुष्पाबाई शांतपणे म्हणाल्या, "न्या न भाऊ. ही पट्टी तेवढी कापून ठेवतो, शेठची आठवण."

"उल्टा करो न भाभीजी. पट्टी हमको दो, बाकी आप रखो," ते बोलून गेले.

"मंग नवी काय करून राहिले होते, पट्टी?"

चहा न घेताच गेले.

दुसरा वीरेंद्र मिस्त्री. "सब बन जाएगा, मावशी." हेही मला जरा जास्तच गोड वाटले. पुष्पाबाईंनाही वाटले असावे, कारण त्यांनी परखी आणली. पोत्यात खुपसून मधले धान काढायची ही लोखंडी नळी. माझ्या तळात खुपसली, तर आरपार गेली आणि नळीतून तूस आले. दाराखाली खुपसली, तर गंजाचा चुरा. मग चेसिसवर जोर लावला. टण्ण. नळी थांबली.

"आता सांग. सब काऊन म्हणत होतास?"

वीरेंद्र डोके खाजवत म्हणाला, "तळ गेला, मावशी. दारं गेली. हाडं मात्र मजबूत हायेत. वेळ लागन."

"लागू दे."

काम सुरू आहे, मित्रांनो. मोडलेली वस्तू टाकू नका, पण 'नवी करतो' म्हणणाऱ्याच्या हाती लगेच देऊही नका. आधी तो तिचे काय मागतो ते पाहा.

पुष्पाबाई अजून रोज येतात, परखी घेऊन. वीरेंद्रला ते आवडत नाही. मला आवडते.